निळं माझं, हिरवं त्याचं

८ सप्टेंबर, सोमवार

— आणि हे सगळं कधी? मी गणपतीला गावी असताना! मी तिकडे कणकवलीला चुलीपुढे बसून घावणे खातेय, आणि इकडे मुलुंडला मधुकर सरांनी बॅकअपचं काम यज्ञेशला देऊन टाकलं.

माझं काम! मे महिन्यापासून मी सरांच्या मागे लागलेय. सर, डेअरीचा कंट्रोल सर्व्हर म्हातारा झालाय. सर, त्याची कॉपी कुठेच नाही. सर, पंप, व्हॉल्व्ह, दूध किती तापलं, किती गार झालं, सगळं त्या एका डब्यावर चालतं. तो बसला तर डेअरी बसली! सर म्हणायचे, "बघू गं, बजेट येऊ दे." बजेट आलं. मी नव्हते.

"तू नव्हतीस ना, म्हटलं यज्ञेश सुरू करेल." सर. वर हसत.

यज्ञेशला गावच नाही. त्याचा गणपती दीड दिवसाचा, इथेच मुलुंडला, विसर्जन सोसायटीच्या ड्रममध्ये. तिसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात हजर. गाव नसलं की बरं असतं, करिअर होतं माणसाचं.

आणि त्याचा सीव्ही सरांना कोणी दिला होता? मी! कॉलेजचा बेंचमेट, बिचारा किती महिने घरी बसलाय म्हणून. बिचारा!!

९ सप्टेंबर

यज्ञेश आज म्हणाला, "आलीस? बरं झालं यार. वाट बघत होतो तुझी. दोघं करू ना."

दोघं म्हणे. माझ्याच घरात मला म्हणतो, या बसा, पाणी घेणार?

११ सप्टेंबर

सरांना मी सरळ विचारलं. हे काम माझं का नाही? सर बॉयलरवाले आहेत, सॉफ्टवेअर म्हटलं की त्यांचं डोकं दुखतं. म्हणाले, "भांडू नका रे. दोघांनी एकेक सॉफ्टवेअर निवडा. खंडेनवमीला प्लांट बंद असतो, तेव्हा सर्व्हरची कॉपी त्या पडून असलेल्या जादा कॉम्प्युटरवर उतरवून दाखवा. ज्याचं चालेल ते घेऊ. आणि ज्याचं घेऊ तो कंट्रोल सिस्टिमचा लीड."

लीड! म्हणजे उद्या सर्व्हरला शिंक आली तरी पहिला फोन मला. मला हवाय तो फोन. मला हे काम खरंच आवडतं. कॉलेजातल्या सगळ्या मुली बँकांच्या ॲप्समध्ये गेल्या, मी एकटी दुधाच्या पाइपात. आई सगळ्यांना लेकीचं कौतुक सांगते, माझा चेडू दूध चालवता.

कंपन्यांची नावं लिहीत नाही, बोरिंग आहेत. माझ्या सॉफ्टवेअरचा लोगो निळा, त्याच्याचा हिरवा. माझं निळं एकदम झकास! मोबाइलवर अलर्ट, रंगीत ग्राफ, सगळं एका स्क्रीनवर. त्याचं हिरवं? जुन्या बँकेतल्या कॉम्प्युटरसारखं. करड्या चौकटीत दोन बटणं, बस.

मी म्हटलं, "हे बघून कोणाला बॅकअप घ्यावासा वाटेल?"

तो म्हणाला, "बॅकअप बघायला थोडीच घेतात गं!"

सगळे हसले. सर तर मांडीवर थाप मारून. मग मी पण हसले, काय करणार!

१५ सप्टेंबर

वाईट. निळ्याचा माणूस आज येऊन गेला. आपलं विंडोज फार जुनं आहे म्हणे. त्यावर निळ्याला कॉपी घ्यायची तर सर्व्हर बंद करावा लागतो. "मॅम, छोटासा डाउनटाइम प्लॅन करा ना."

डाउनटाइम? आमच्याकडे टँकर पहाटे येतो, दुपारी येतो, संध्याकाळी येतो. म्हशींना कळवू का डाउनटाइम? प्लांट पूर्ण थांबतो तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. म्हणजे माझा बॅकअप वर्षातून एकदा. वाढदिवसासारखा.

आणि हिरवं? सर्व्हर चालू असताना रोज गुपचूप कॉपी घेतं. कोणाला पत्ता लागत नाही.

मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं पण नाही. चाचणी आहे ती कॉपी उतरवून दाखवायची. कॉपी किती वेळा घेता येते हा प्रश्न पेपरात नाहीच.

१८ सप्टेंबर

घाटकोपरला घरी पोहोचले तर डोकं गरम. एलबीएस रोडवर स्कूटी चालवायची म्हणजे खड्ड्यातून रस्ता शोधायचा. जेवले नाही नीट. आई म्हणाली, "कोणाचो राग जेवणावर काढतंस गो?"

सांगितलं थोडं.

"यज्ञेश तुझोच मित्र ना? तूच लावलंस ना तेका कामाक? मगे?"

म्हटलं, तेच तर!

तिने तळलेली सुरमई वाढली. माझ्या पानात एक, स्वतःच्या पानात एक. मी बघतेय बघून म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातली तुकडी नेहमी मोठीच दिसता." आणि खरंच तिची मोठी होती! ती तिने मला दिली. मग मला रडूच आलं. तुकडीवरून!

२३ सप्टेंबर

सर त्याला आता "यज्ञा" म्हणतात. मला तीन वर्षं झाली, मी अजून "ऋतिका मॅडम", ते पण चेष्टेत. सर्व्हर असतो त्या पॅनल रूमची दुसरी चावी त्याच्याकडे. इलेक्ट्रिशियन गुणाजी काका त्याच्यासाठी वेगळा चहा आणतात, बिनसाखरेचा, लक्षात ठेवून. का, तर त्याने काकांच्या मुलीला मॅथ्स शिकवलं म्हणे रविवारी. कधी? मला का नाही विचारलं? मला मॅथ्स त्याच्यापेक्षा चांगलं येतं!

चांगला आहे तो, हाच प्रॉब्लेम आहे. नालायक असता तर किती सोपं झालं असतं.

२६ सप्टेंबर

आजचा नवरात्राचा रंग हिरवा. सगळं ऑफिस हिरवं, रिसेप्शनवाली, लॅबवाल्या, सरांचा रुमाल पण. मी ग्रे घालून गेले. "अगं, ग्रे उद्या!" सगळ्यांनी सांगितलं. माहितेय.

३० सप्टेंबर

उद्या.

झाडून पुसून पॅनल रूम चकाचक. गुणाजी काकांनी झेंडूच्या माळा पाण्यात ठेवल्यात. यज्ञेश काकांना चिडवत होता, "काका, सर्व्हरला हार घातला तर गरम होईल तो." काका म्हणाले, "तुम्ही नका करू पूजा, पण आडवे पण येऊ नका." तो असाच. आरतीला उभा राहतो, टाळ्या पण वाजवत नाही, मोबाइल बघतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

जिंकले.

नीट लिहिते, नाहीतर नंतर मीच वेगळं आठवीन.

सर्व्हरच्या मागे एक डोंगल असतो. पेनड्राइव्हसारखा, अंगठ्याएवढा, मशीनवाल्या कंपनीने दिलेला. तो लावलेला असला तरच कंट्रोलचं सॉफ्टवेअर चालू होतं. किल्लीच म्हण ना. मला माहितेय, कारण गेल्या वर्षी टेबल सरकवताना तो निघाला होता आणि माझी जाम फाटली होती. यज्ञेश तेव्हा नव्हता. त्याला डोंगलबद्दल कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

सकाळी माझी पाळी. सर्व्हर बंद केला, निळ्याने कॉपी घेतली, जादा मशीनवर उतरवली. कासवासारखं, पण उतरवली. मग डोंगल सर्व्हरचा काढून त्या मशीनला मागून लावला. चाललं! टाक्या, व्हॉल्व्ह, तापमान, सगळं स्क्रीनवर जसंच्या तसं. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी डोंगल काढला, टेबलावर स्क्रू ड्रायव्हरांच्या बाजूला ठेवला आणि साडी नेसायला लॅबमध्ये गेले.

परत आले तर पूजा मांडलेली. काकांनी टेबलावरची सगळी हत्यारं पाटावर ठेवली होती. पाने, पक्कड, टेस्टर, मीटर, त्यावर झेंडू. आणि मधोमध डोंगल! त्याच्यावर कुंकवाचं बोट, एकदम बरोबर मध्यभागी. मला हसू आलं. काकांना वाटलं असेल हे पण हत्यारच.

आरती झाली. पूजेतल्या वस्तूला आता उद्या दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आमच्याकडे हे कडक आहे. सर स्वतः पाना लागला तर बाहेरून आणवतात, पाटावरचा उचलत नाहीत.

आणि मग यज्ञेशची पाळी.

हिरव्याने कॉपी काय पटकन उतरवली! मशीन चालू झाली. कंट्रोलचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मेसेज: लायसन्स सापडत नाही. बंद. परत उघडलं. परत बंद. हिरव्याच्या कंपनीचा पोरगा घामाघूम, फोनवर फोन. सर म्हणाले, "सकाळी तर हीच मशीन नीट चालली की. तुझी कॉपीच अर्धवट असणार, यज्ञा."

मला माहीत होतं ना काय झालंय ते. पाट माझ्यापासून चार पावलांवर होता. एवढंच बोलायचं होतं, सर, डोंगल राहिलाय. उद्या उत्तरपूजा झाल्यावर परत बघू. बस. देवाचं पण राहिलं असतं, त्याचं पण.

मी खोबरं खात होते. प्रसादाचं.

यज्ञेश पाटाकडे वळला, हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, "राहू दे सर. नाही चाललं." एरवी नास्तिक, आणि हरल्यावर नमस्कार!

सर म्हणाले, निळं फायनल. ऋतिका मॅडम लीड.

मी काही केलं नाही. फक्त बोलले नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

पहाटे उत्तरपूजा. काकांनी डोंगल माझ्या हातात दिला. "ताई, ही तुमची वस्तू. देवापुढे होती म्हणून हात नाय लावला." मी सर्व्हरला लावला, प्लांट चालू. कुंकू पुसलं नाही, वेळच नव्हता.

यज्ञेशने आपट्याचं पान दिलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा. पार्टी कधी, लीड?"

मी पान पर्समध्ये टाकलं. पर्स जड झाल्यासारखी वाटली. पानाने!

३ ऑक्टोबर

आईने पेढे वाटले चाळभर. शेजारच्या शकु मावशीने विचारलं, "लीड म्हणजे काय गं?" आई म्हणाली, "सगळ्यात पुढे असता ती." मी आत जाऊन बसले.

गंमत म्हणजे मत्सर गेलाच नाही. मला वाटलं होतं जिंकले की जाईल. उलट आता तो हरूनसुद्धा मजेत कसा, याचीच जळजळ. डब्यातलं थालीपीठ मला देतो. "लीडला लोणी जास्त." टोमणा मारत नाहीये, खरंच देतोय! डोकं फिरतं.

४ ऑक्टोबर

आज पकडला! हिरवं अजून सर्व्हरवर चालूच आहे. सरांनी काढायला सांगितलं होतं. मी विचारलं तर म्हणतो, "ट्रायल महिनाभराची आहे गं. राहू दे, काय खातंय तुझं?" हरला तरी मैदान सोडत नाही. सोमवारी सरांसमोर काढायला लावते की नाही बघ.

सोमवारी कोजागिरी. वर्षातला सगळ्यात मोठा माल. आटीव केशर दूध, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या गच्चीवर आमचंच दूध. त्याची नवी रेसिपी आज सर्व्हरमध्ये भरली, मीच. किती तापवायचं, किती वेळ ढवळायचं, साखर कधी.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर सगळे दूध पितायत, आई हाका मारतेय. मी जात नाही.

जेवायच्या सुट्टीनंतर सर्व्हर बसला. डिस्कच गेली. कट कट आवाज आणि स्क्रीन काळी. मोठ्या टाकीत केशर दूध, अर्धं तापलेलं. ऑपरेटर हाताने व्हॉल्व्ह फिरवू शकतात, पण किती वेळ किती तापलं याची नोंद सर्व्हर करतो. नोंद नाही तर लॅब दूध सोडत नाही. सोडलं नाही तर ते गटारात.

सर धावत आले. "मॅडम! तुझं निळं लाव! यासाठीच घेतलं ना!"

निळ्याची कॉपी खंडेनवमीची. तिच्यात केशराची रेसिपी नाही. शनिवारी भरलेली कुठून असणार? दसऱ्यापासूनच्या नोंदी पण नाहीत. आणि उतरवायला संध्याकाळ झाली असती. तोवर दूध नासलं असतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. लीड ना मी! एक सेकंद, खरं सांगते, एक सेकंद मला वाटलं, नासू दे दूध. पण त्याच्याकडे जायचं नाही.

मग काकांवर नजर गेली. टाकीच्या शिडीवर उभे, हातात मोठं चाक, हाताने व्हॉल्व्ह धरून ठेवलेला, मान वाकडी करून माझ्याकडे बघतायत.

"सर, हिरवं लावा," मी म्हटलं. "निळं चालू सर्व्हरची कॉपी घेतच नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. हिरवं रोज घेतं. यज्ञेशने काढलं नाहीये ते."

सर बघतच राहिले. यज्ञेशने मेलेल्या सर्व्हरच्या मागे हात घातला, डोंगल काढला, जादा मशीनला लावला आणि कालची कॉपी उतरवायला घेतली. केशराची रेसिपी आली, कालपर्यंतच्या नोंदी आल्या, आणि टाकीतलं दूध पहिल्यापासून नोंदीसकट तापवलं. लॅबने दूध सोडलं तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

डोंगलसाठी त्याने मागेपुढे पाहिलं नाही. कोणाला विचारलं पण नाही. नवमीनंतर कुठेतरी वाचलं असेल. हुशार आहे मेला.

७ ऑक्टोबर

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "हिरवं घेऊ. आणि लीडचं तुम्ही दोघांनी ठरवा. परवा सांगा मला. मी परत परीक्षा घेणार नाही, माझं बीपी वाढतं."

बाहेर आल्यावर यज्ञेश म्हणाला, "तू काय म्हणशील ते."

निळ्याची खोड मी सगळ्यांसमोर कबूल केली. पण पाटावरच्या डोंगलचं कोणाला माहीत नाही. ते त्याला सांगायचं आणि लीड त्याला देऊन टाकायचं, असं ठरवून कँटीनला गेले. तो मिसळ खात होता. मी समोर बसून त्याच्या बशीतली शेव खाल्ली आणि उठून आले.

उद्या सांगते. नक्की.

८ ऑक्टोबर, बुधवार

नवीन सर्व्हर आला. डोंगल लावायच्या आधी स्पिरिटने पुसत होते, कुंकू खाचेत बसलंय, निघेना. गुणाजी काका बाजूला उभे. मी म्हटलं, "काका, किती दाबून लावलंत हो हे."

"मी नाय लावलं ताई. यज्ञेश सायबांनी लावलं. तुम्ही साडी नेसायला गेला होता ना तेव्हा. जन्मात पूजेला हात लावत नाय तो माणूस. मला म्हणाला, काका, ही सर्व्हरची किल्ली, हिच्याशिवाय काय चालणार नाय, हिला पहिलं कुंकू."

म्हणजे स्वतःच्या चाचणीच्या आधीच त्याला माहीत होतं. मी चार पावलांवर उभी राहून खोबरं खातेय, हे पण त्याला दिसत होतं. आणि तो नमस्कार करून गप्प बसला.

त्याने मला जिंकू दिलं? की मी तोंड उघडते का, ते बघत होता? तुला काय वाटतं?